राजकीय व्यंगचित्रकार डेव्हिड लो

१९३० च्या सुमारास लंडनचा एखादा मध्यमवर्गीय गृहस्थ सायंकाळीं कचेरींतून घरीं परततांना आपलें 'ईव्हिनिंग स्टँडर्ड' पत्र उघडी, तेव्हां त्याला एक गंमत दिसे. पत्राचे अग्रलेख ब्रिटिश साम्राज्याचा अभिमान बाळगणारे, धनिक आणि प्रतिष्ठित मंडळींस रुचतील असे. आणि त्याच अंकांत अर्धें पान व्यापणारें एक काळेंभोर चित्र त्या अभिमानाला आणि त्या प्रतिष्ठेला मनसोक्त हंसणारें. एवढेंच नव्हे, तर कधीं कधीं त्या चित्रांत खुद्द पत्राचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक हेच, मोठ्या जिवणीच्या एका खट्याळ बुटक्याच्या रूपानें, कांहीं तरी उचापती करतांना दाखविलेले असत. धन्याच्याच कागदावर, धन्याच्याच पैशानें, धन्याचीच थट्टा ! आणि हा प्रकार एक-दोन दिवस नव्हे, तर तेवीस वर्षें चालला होता.

हीं चित्रें काढणारे गृहस्थ म्हणजे डेव्हिड लो. पहिलें महायुद्ध संपल्यापासून दुसरें सुरू होईपर्यंतच्या वीस वर्षांचा युरोपचा इतिहास ज्यांस पुस्तकांचे ढीग न चाळतां पाहावयाचा असेल, त्यांनीं लो यांचीं चित्रें ओळीनें पाहावींत, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. या गृहस्थांच्या आयुष्याची थोडी हकीकत मी आज सांगणार आहें, आणि ती सांगतां सांगतां एका प्रश्नाचा माग घेणार आहें. व्यंगचित्रकाराचें स्वातंत्र्य म्हणजे नेमकें काय, आणि तें कशानें टिकतें, हा तो प्रश्न.

लो हे जन्मानें इंग्लंडचे नव्हते. त्यांचा जन्म ७ एप्रिल १८९१ रोजीं न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन शहरीं झाला आणि बाळपण क्राइस्टचर्च येथें गेलें. त्यांचा थोरला भाऊ अल्पवयांत वारला. अति अभ्यासानें मुलाची प्रकृति खालावली असा आईबापांचा ग्रह झाला, आणि त्या धास्तीनें त्यांनीं डेव्हिडला शाळेंतून लवकरच काढून घेतलें. इतर मुलें पाढे घोकीत असतां हा मुलगा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत 'पंच' या विलायती विनोदी साप्ताहिकाचे जुने अंक उलटीत बसे. चार्लस् कीन, फिल मे इत्यादि नामांकित चित्रकारांच्या रेघा त्यानें तेथेंच न्याहाळल्या. थोड्या रेघांत पुष्कळ सांगावयाचें, हा फिल मे यांचा गुण त्याच्या मनांत विशेष ठसला. वयाच्या अकराव्या वर्षीं त्याचें पहिलें चित्र एका विलायती मुलांच्या पत्रांत छापून आलें. विशीच्या आंतच तो गांवच्या साप्ताहिकांत राजकीय चित्रें काढूं लागला होता. विद्यापीठ नाहीं, कलाशाळेचें रीतसर शिक्षण म्हणावें तर तेंहि नांवापुरतेंच. निरीक्षण आणि सराव हेच त्याचे गुरु.

१९११ साली लो ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें गेले आणि तेथील 'बुलेटिन' या गाजलेल्या साप्ताहिकांत काम करूं लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ऑस्ट्रेलियाचे मुख्य प्रधान बिली ह्यूज हे होते. शरीरानें लहानखुरे, स्वभावानें मात्र भडक्याचे. साम्राज्याच्या सल्लामसलतीसाठीं १९१६ साली ह्यूज लंडनला गेले असतां लो यांनीं एक चित्र काढलें. ह्यूज टेबलावर मुठी आपटीत गर्जत आहेत, कागद आणि दौती उडत आहेत, जमलेले थोर मुत्सद्दी खुर्च्यांच्या आड दडत आहेत, आणि इंग्लंडचे मुख्य प्रधान अॅस्क्विथ हे लॉइड जॉर्ज यांस विनवीत आहेत कीं, बाबा रे, तूंच आतां याच्याशीं वेल्श भाषेंत बोलून याला शांत कर ! ह्यूज आणि लॉइड जॉर्ज हे दोघेहि वेल्श वंशाचे, ही त्यांतील खुबी. या एका चित्रानें लो यांचें नांव समुद्रापार गेलें. पुढें ह्यूज यांच्यावरील चित्रांचें एक पुस्तकच १९१८ साली निघालें. तें लंडनमध्यें पोंचलें, आणि १९१९ साली लंडनच्या 'स्टार' या उदारमतवादी सायंदैनिकाचें बोलावणें आलें.

लंडनला आल्यावर लो यांच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहिला तो असा कीं, येथील राजकारण चित्रांत आणावें कसें ? राजकारण म्हणजे तत्त्वें, करार, बहुमतें, अंदाजपत्रकें. यांपैकीं कशालाच हातपाय नाहींत. व्यंगचित्रकाराचें निम्में कसब अशा निराकार गोष्टींस आकार देण्यांत असतें. त्या वेळीं लॉइड जॉर्ज यांचें संमिश्र मंत्रिमंडळ अधिकारावर होतें. त्यांत उदारमतवादी होते, हुजूरपक्षाचेहि होते, आणि दोघांच्या वाटा दोन दिशांस जात. लो यांनीं या मंत्रिमंडळासाठीं एक गाढव योजिलें. त्याला दोन्ही टोकांस दोन तोंडें होतीं आणि शेपूट कोठेंच नव्हतें. अग्रलेखाचे दोन स्तंभ खर्ची पडूनहि जें वाचकाच्या गळीं उतरलें नसतें, तें या दुतोंडी गाढवानें क्षणांत उतरविलें. १९२२ साली तें मंत्रिमंडळ कोसळलें. गाढव मात्र लोकांच्या लक्षांत राहिलें.

याच सुमारास लॉर्ड बीव्हरब्रुक यांची नजर लो यांच्यावर पडली. बीव्हरब्रुक हे मूळचे कॅनडाचे, मोठे धनाढ्य, अनेक वृत्तपत्रांचे मालक. राजकारणांत ते एका टोकाला, तर लो दुसऱ्या टोकाला. 'माझ्या पत्रांत या' असें बीव्हरब्रुक यांनीं वारंवार म्हणावें आणि लो यांनीं दर वेळीं नाकारावें, असें कांहीं वर्षें चाललें. अखेर १९२७ साली लो यांनीं होकार दिला, पण तो एका अटीवर. चित्राचा विषय कोणता घ्यावयाचा आणि तो कसा मांडावयाचा, हें सर्वस्वीं चित्रकार ठरवील. मालकानें किंवा संपादकानें त्यांत हात घालूं नये. ही अट करारांत लिहून घेण्यांत आली. नित्याच्या व्यवहारांत एखादें चित्र पत्रानें छापलें नाहीं असे प्रसंग अधूनमधून घडले. परंतु 'अमुक चित्र काढा' असें लो यांस कोणी सांगूं शकत नसे.

बीव्हरब्रुक यांनीं ही अट कां मान्य केली असेल ? एक उघड कारण असें कीं, लो यांच्या चित्रासाठीं पत्र घेणारे वाचक पुष्कळ होते, आणि त्यांपैकीं कित्येक पत्राच्या मताचे नव्हते. दुसरें कारण मालकाच्या स्वभावांत होतें. त्यांना खोडकरपणाची मनापासून आवड होती, मग ती खोडी स्वतःची कां काढलेली असेना. पण कारण कोणतेंहि असो, परिणाम असा झाला कीं एका धनिकाच्या पत्रांत त्याच्या विरोधकाला स्वतःची अशी एक खोली मिळाली, आणि तिची किल्ली विरोधकाच्याच हातीं राहिली. चित्रांवर रुष्ट झालेले वाचक पत्रें लिहीत, या माणसाला हांकलून द्या म्हणून मागणी करीत. तरीहि लो तेथें १९५० सालापर्यंत राहिले.

आतां या माणसाचें काम कसें चाले तें पाहूं. आठवड्यांतून चार मोठीं चित्रें पुरीं करावयाचीं, म्हणजे चार वेळां नवी कल्पना सुचावयास हवी. दिवसाचा पुष्कळसा वेळ कल्पनेच्या शोधांतच जाई. बातम्या वाचावयाच्या, त्यांच्यामागें काय शिजत आहे याचा अंदाज घ्यावयाचा, आणि मग ती गोष्ट एका दृश्यांत बसवावयाची. दुसरी तयारी माणसांची. लो हे पार्लमेंटाच्या सज्जांत बसून मुत्सद्द्यांचें निरीक्षण करीत. अमका चालतो कसा, हात कोठें ठेवतो, बोलतांना मान कशी डोलावतो, मागून पाहिला तर कसा ओळखूं येतो, अशा बारीक गोष्टी ते टिपून घेत. केवळ नाक मोठें काढलें म्हणजे व्यंगचित्र होत नाहीं. माणसाचा स्वभाव त्याच्या अंगलटींत कोठें उतरला आहे तें हेरावें लागतें. लॉइड जॉर्ज यांची आयाळ, बॉल्डविन यांची चिलीम, चेंबरलेन यांची छत्री या वस्तू पुढें त्या त्या व्यक्तींच्या सह्याच बनल्या.

मग कागद, पेन्सिल, आणि शेवटीं कुंचला व काळी शाई. येथें छपाईच्या यंत्रविद्येचाहि संबंध येतो. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर त्या काळीं सर्वांत स्वच्छ उठत असे तो रेघांचा ठसा. मूळ चित्राचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत, आणि रेघांच्या मधली जागा तेजाबानें खाववीत. मग उंच राहिलेल्या रेघांना शाई लागून चित्र उमटे. या पद्धतींत करड्या छटेला वाव नसतो. एक तर काळें, नाहीं तर पांढरें. लो यांनीं ही अडचणच आपलें बळ केलें. रुंद कुंचल्याचे ठसठशीत काळे पट्टे आणि त्यांच्याशेजारीं मोकळी सोडलेली पांढरी जागा, अशी त्यांच्या चित्रांची मांडणी असे. चित्र पाहणाऱ्याला वाटे कीं हें पांच मिनिटांत सहज फटकारलें असेल. खरें पाहतां त्या सहजतेच्या मागें पेन्सिलीनें काढलेल्या आणि खोडलेल्या पुष्कळ रेघा असत. ती मेहनत दिसूं न देणें, हाहि मेहनतीचाच एक भाग.

१९३४ साली लो यांनीं शनिवारच्या पानांत एक नवें पात्र आणलें. तें म्हणजे कर्नल ब्लिंप. टक्कल पडलेला, लठ्ठ, गलमिशा लोंबणारा हा सेवानिवृत्त लष्करी अंमलदार कमरेला टॉवेल गुंडाळून बाष्पस्नानगृहांत उभा असे, आणि मोठ्या आवेशानें कांहीं तरी परस्परविरुद्ध विधान ठोकून देई. याचा जन्म कसा झाला तें स्वतः लो यांनीं सांगितलें आहे. घोडदळांत घोड्यांच्या जागीं यंत्रें आणावयाचें ठरत होतें, त्याविषयीं एका कर्नलसाहेबांचें पत्र त्यांच्या वाचनांत आलें. त्याचा मतितार्थ असा कीं, घोडे गेले तरी हरकत नाहीं, पण घोडेस्वारांचा गणवेष आणि टांचांच्या आऱ्या रणगाड्यांतहि कायम राहिल्या पाहिजेत ! त्यानंतर एका स्नानगृहांत दोन गुबगुबीत गृहस्थ, जपान पॅसिफिक महासागरांत काय वाटेल तें करो, त्याच्याशीं आपल्याला काय कर्तव्य आहे, असें एकमेकांस समजावून सांगत असलेले लो यांनीं ऐकले. या दोहोंच्या मिलाफांतून ब्लिंप अवतरला.

ब्लिंप हा दुष्ट नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. तो देशभक्त आहे, प्रामाणिक आहे, आणि आपल्या मतांविषयीं त्याला तिळमात्र शंका नाहीं. नेमका हाच त्याचा दोष ! हिंदुस्थानला स्वराज्य देण्याचा विषय निघाला कीं लंडनच्या क्लबांत जे आवाज उठत, तेहि याच जातीचे होते, आणि लो यांनीं त्यांची थट्टा करावयास कमी केलें नाहीं. 'ब्लिंप' हा शब्द इंग्रजी भाषेंत कायमचा रूढ झाला. त्याच्या नांवानें १९४३ साली एक मोठा बोलपट निघाला; आणि युद्धाच्या ऐन धामधुमींत लष्करी अंमलदारांचें हसें होईल म्हणून मुख्य प्रधान चर्चिल त्यावर नाराज झाले होते.

परंतु ब्लिंप हा घरचा विषय होता. याच वर्षांत युरोपांत जें घडत होतें तें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. इटलींत मुसोलिनी अगोदरच स्थिर झाला होता. १९३३ च्या जानेवारींत जर्मनींत हिटलर अधिकारावर आला. जपाननें मांचुरिया गिळला आणि राष्ट्रसंघ बघत राहिला. १९३३ च्या एका चित्रांत लो यांनीं जपानी सेनानीला राष्ट्रसंघाच्या दारांतून आंत जातांना दाखविलें आहे, आणि दारांत पायपुसण्यासारखी पालथी पडलेली आहे ती खुद्द राष्ट्रसंघाची मूर्ति. १९३४ च्या जूनअखेर हिटलरनें आपल्याच पक्षांतील सहकाऱ्यांचें शिरकाण केलें. त्यावरील चित्रांत त्याचे सैनिक घाबरून उभे आहेत. एरवीं सलामाला एक हात वर जाई, आतां पिस्तुलापुढें दोन्ही गेले आहेत. १९३६ च्या जुलैंतील एका चित्रांत हिटलर ऐटींत पावलें टाकीत एक जिना चढत आहे, आणि त्या जिन्याच्या पायऱ्या म्हणजे ओणव्या झालेल्या लोकशाही पुढाऱ्यांच्या पाठी आहेत.

हुकूमशहांविषयीं लो यांचा एक अनुभवसिद्ध सिद्धांत होता, आणि तो मला फार मार्मिक वाटतो. हुकूमशहाला रक्तांत न्हालेला राक्षस म्हणून रंगविला, तर त्याला त्याचें कांहींच वाटत नाहीं. उलट तो मनांतून सुखावतो. लोकांनीं भ्यावें हेंच तर त्याला पाहिजे असतें. त्याला खपत नाहीं तें वेगळेंच. हा गृहस्थ मूर्ख आहे, फुगीर आहे, आरशापुढें उभा राहून पवित्रे घेणारा एक सामान्य माणूस आहे, ही गोष्ट चारचौघांत पसरली कीं त्याचा तोल सुटतो. म्हणून लो यांचा हिटलर अक्राळविक्राळ नसे. तो बेताच्या उंचीचा, कपाळावर बट आलेला, स्वतःवर खूष असलेला असा एक चिडखोर इसम असे. त्याचा परिणाम लवकरच दिसून आला. लो यांचीं चित्रें छापणाऱ्या पत्राला १९३३ सालीच जर्मनींत बंदी झाली.

बंदी, शिव्या, धमक्या यांना तोंड देणें एका अर्थीं सोपें असतें. समोर शत्रु आहे हें तरी स्पष्ट असतें. लो यांच्या स्वातंत्र्याची खरी कसोटी लागली ती शत्रूच्या धमकीनें नव्हे, तर एका सभ्य गृहस्थांच्या विनंतीनें. १९३७ च्या नोव्हेंबरांत लॉर्ड हॅलिफॅक्स हे जर्मनीच्या भेटीस गेले. हे आपल्या चांगले परिचयाचे; १९२६ ते १९३१ या काळांत लॉर्ड आयर्विन या नांवानें ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते, आणि १९३१ चा गांधी-आयर्विन करार त्यांच्याच कारकीर्दींतला. जर्मनींत त्यांची हिटलरशीं भेट झाली, तशीच प्रचारमंत्री गोबेल्स याच्याशींहि झाली. ब्रिटिश वृत्तपत्रें आमच्या नेत्याची निंदा करतात, त्यामुळें दोन्ही राष्ट्रांचे संबंध बिघडतात, अशी तक्रार गोबेल्सनें केली. आणि तींत लो यांच्या चित्रांविषयींचा राग विशेष होता.

हॅलिफॅक्स परत आले. 'ईव्हिनिंग स्टँडर्ड'च्या व्यवस्थापकांनीं आपल्या घरीं एक भोजन ठरविलें आणि तेथें हॅलिफॅक्स व लो यांची गांठ घालून दिली. तेथें हुकूम नव्हता, धाक नव्हता, कराराचा भंग तर मुळींच नव्हता. एका वजनदार, सौम्य वृत्तीच्या मुत्सद्द्यानें एवढेंच सांगितलें कीं, या चित्रांनीं हिटलर फार भडकतो, आणि शांततेच्या वाटाघाटी अवघड होतात. म्हणजे प्रश्न असा उभा राहिला : एका चित्रकाराच्या गमतीखातर युरोपची शांतता धोक्यांत घालावयाची काय ? याला 'हो' असें कोण म्हणेल ?

लो यांनीं हात थोडा आंखडता घेतला. त्यांनीं हिटलरला आणि मुसोलिनीला सुटे सुटे काढावयाचें कमी करून दोघांच्या मिश्रणाचा एक काल्पनिक हुकूमशहा निर्माण केला. त्याला नांव दिलें 'मझलर'. त्यांत मुसोलिनी आणि हिटलर या दोघांच्या नांवांचे तुकडे आहेत, आणि त्या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ 'मुसकी बांधणारा' असा होतो. आपल्याच तोंडाला हलकेच मुसकी बांधली जात असतां लो यांनीं ती मुसकीच चित्राच्या नांवांत टिपून ठेविली ! पण पुढें काय झालें ? चित्रें सौम्य झालीं म्हणून हिटलर सौम्य झाला नाहीं. १९३८ च्या मार्चमध्यें त्याचें सैन्य ऑस्ट्रियांत शिरलें. ज्या शांततेसाठीं लेखणी आवरती घ्यावयाची, तीच उरली नाहीं, हें पाहून लो यांनीं 'मझलर'ला रजा दिली आणि पुन्हां नांवानिशीं हिटलर काढावयास आरंभ केला.

या चारएक महिन्यांच्या हकीकतीबद्दल लो यांस दोष द्यावा असें मला वाटत नाहीं. त्या वेळीं इंग्लंडांतील बहुतेक सुबुद्ध माणसें शांततेच्या आशेवरच होतीं. पण यांत एक बोध आहे. करारपत्रांत लिहिलेलें स्वातंत्र्य मालकापासून रक्षण करूं शकतें. 'देशाच्या भल्यासाठीं जरा सबुरीनें घ्या' या गोड शब्दापासून तें रक्षण करूं शकत नाहीं. तेथें चित्रकाराला स्वतःच्या पारखेवरच भिस्त ठेवावी लागते. आणि ती पारख एकदां चुकली, तरी चूक ध्यानांत येतांच मागें फिरण्याची हिंमतहि असावी लागते.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १९३९ च्या ऑगस्टमध्यें हिटलर व स्टॅलिन यांचा करार झाला, आणि सप्टेंबरांत दोघांनीं दोन बाजूंनीं पोलंडचा घास घेतला. २० सप्टेंबर १९३९ च्या लो यांच्या चित्रांत एक प्रेत मधें पडलें आहे आणि त्याच्या दोहों बाजूंस हे दोघे टोप्या उंचावून, कमरेंत वांकून एकमेकांस लवून नमस्कार करीत आहेत. आणि त्या अदबींतच एकमेकांस शिव्या देत आहेत. त्या कराराचा सारा पोकळपणा या एका लवण्यांत आला आहे. कदाचित् हें लो यांचें सर्वांत प्रसिद्ध चित्र असेल.

१९४० च्या मे महिन्यांत चर्चिल मुख्य प्रधान झाले. ज्या चर्चिल यांची लो यांनीं वर्षानुवर्षें टर उडविली होती, तेच चर्चिल १४ मेच्या चित्रांत बाह्या सरसावून पुढें चालत आहेत, आणि त्यांच्या मागें सर्व पक्षांचे पुढारी त्याच आवेशानें येत आहेत. जूनमध्यें फ्रान्स पडला. १८ जूनच्या चित्रांत खवळलेल्या समुद्राच्या कांठीं खडकावर एकच ब्रिटिश शिपाई उभा आहे. आकाशांतून शत्रूचीं विमानें येत आहेत, आणि तो मूठ उगारून सांगतो आहे कीं, बरें तर, एकट्यानेंच लढूं. त्या चित्रांत विनोद नांवालाहि नाहीं. हंसविणाऱ्या माणसानें कोणत्या दिवशीं हंसवूं नये हेंहि त्याला कळावें लागतें.

या धैर्याची किंमत काय होती तें पुढें उघड झालें. इंग्लंड जिंकल्यावर कोणाकोणास पकडावयाचें याची एक यादी जर्मन गुप्त पोलिसांनीं तयार करून ठेविली होती. युद्धानंतर १९४५ साली ती सांपडली, आणि तींत लो यांचें नांव होतें. ती पकड कशी असती याची कल्पना येण्यासाठीं दुसऱ्या एका चित्रकाराची कहाणी सांगतों. एरिख ओझर हे जर्मन. लो यांच्याहून बारा वर्षांनीं लहान. नाझी सत्ता येण्यापूर्वीं त्यांनीं हिटलरवर बोचरीं चित्रें काढलीं होतीं. सत्ता येतांच त्यांना राजकीय चित्रें काढण्याची मनाई झाली. मग 'प्लाउएन' या टोपणनांवानें त्यांनीं बाप आणि मुलगा यांच्या प्रेमळ गमतींची एक चित्रमाला काढली, आणि ती साऱ्या जर्मनीनें डोक्यावर घेतली. पुढें त्यांस पुन्हां राजकीय चित्रें काढूं देण्यांत आलीं. परंतु तीं जर्मनीच्या शत्रूंविरुद्ध. १९४४ साली खाजगी बोलण्यांत सत्ताधाऱ्यांविषयीं केलेले विनोद एका शेजाऱ्यानें पोलिसांस कळविले. ओझर यांस अटक झाली. खटला उभा राहण्याच्या आदल्या रात्रीं त्यांनीं कोठडींत आपल्या हातानें जीवनाचा शेवट केला. त्यांचे मित्र एरिख क्नाउफ यांचा त्याच आरोपावरून शिरच्छेद करण्यांत आला. एकाच युगांतले दोन चित्रकार. दोघांच्याहि हातीं शाई आणि कुंचला. फरक होता तो त्यांच्या सभोंवतालच्या लोकांचा.

तात्पर्य, लो यांच्या चित्रांनीं काय साधलें ? त्यांनीं युद्ध टाळलें नाहीं. हिटलर त्यांच्यामुळें एक दिवसहि आधीं पडला नाहीं. व्यंगचित्राचें सामर्थ्य सांगतांना आपण कधीं कधीं भलत्याच गोष्टी बोलतों. कुंचल्यानें साम्राज्यें उलथत नाहींत. पण आणखी एक गोष्ट असते, आणि ती कमी मोलाची नाहीं. रोज थोडा थोडा अन्याय पाहून माणसाच्या डोळ्यांना त्याची संवय होते. आज मांचुरिया, उद्यां ऱ्हाईनचा प्रदेश, परवां ऑस्ट्रिया. आणि मग 'चालायचेंच' असें म्हणून तो पान उलटतो. लो यांचें चित्र त्याला पान उलटूं देत नसे. आपण हंसलों, आणि हंसल्यावर आपल्याला जरा लाज वाटली, एवढें जरी घडलें तरी संवयीची ती साखळी तुटते.

युद्ध संपल्यावर लो न्यूरेंबर्गच्या न्यायालयांत गेले, आणि ज्या मंडळींस त्यांनीं बारा वर्षें कल्पनेनें रेखाटलें होतें त्यांचे खरे चेहरे आरोपींच्या बांकावर बसलेले त्यांनीं १९४६ साली काढले. पुढें १९५० साली बीव्हरब्रुक यांचें पत्र सोडून ते मजूर पक्षाच्या 'डेली हेरल्ड'मध्यें आणि १९५३ साली 'मँचेस्टर गार्डियन'मध्यें गेले. १९६२ साली त्यांस 'सर' हा किताब मिळाला, आणि १९ सप्टेंबर १९६३ रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें.

त्यांचा वारसा आपल्या घरापर्यंतहि पोंचलेला आहे. मद्रासच्या 'हिंदु' पत्रांत लो यांचीं चित्रें पुनर्मुद्रित होत. म्हैसूर येथें एक लहान मुलगा तीं तासन् तास पाहत बसे, आणि कोपऱ्यांतील वळणदार इंग्रजी सही त्याला 'काउ', म्हणजे गाय, अशी वाचतां येई ! तो मुलगा म्हणजे पुढें १९४७ पासून मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्यें कीर्ति मिळविलेले आर. के. लक्ष्मण. 'मार्मिक'चे बाळ ठाकरे यांनींहि लो यांस आपल्या गुरूंच्या ठायीं मानिलें होतें. ड्यूनेडिनहून निघालेली रेघ अशी लंडनमार्गें मुंबईला आली.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाकडे परत येऊन मी हें भाषण पुरें करतों. व्यंगचित्रकाराचें स्वातंत्र्य करारानें सुरू होतें आणि त्याच्या स्वतःच्या पारखेवर चालतें, हें आपण पाहिलें. पण तें टिकविणारा तिसरा एक माणूस आहे. तो म्हणजे सायंकाळीं घरीं परतणारा, चित्र पाहून चिडलेला, संपादकाला खरमरीत पत्र लिहिणारा, आणि तरीहि दुसऱ्या दिवशीं तेंच पत्र विकत घेणारा वाचक. लो यांस असे वाचक तेवीस वर्षें मिळाले. ओझर यांच्या शेजाऱ्यानें पत्र लिहिलें तें संपादकाला नव्हे, पोलिसांना. आपल्या आवडत्या पुढाऱ्याचें नाक एखाद्या चित्रकारानें लांब काढलें, म्हणजे आपल्यालाहि राग येतो, आणि यावाहि. त्या रागाच्या भरांत आपण पत्र कोणाला लिहितों, एवढें मात्र पाहावें.